एकहाती शिडनौका शर्यत

शिडाची नौका एकाच माणसाने, कोणाच्याही मदतीशिवाय हाकून ठरलेला मार्ग कमीत कमी वेळात पुरा करण्याची स्पर्धा. सुकाणू, शीड, नकाशा, टेहळणी आणि अडचणीच्या वेळचे निर्णय ही एरवी तीन-चार जणांत वाटली जाणारी कामे इथे एकट्याच्या अंगावर येतात. महासागर ओलांडणाऱ्या एकहाती शर्यती वृत्तपत्रांत गाजतात, पण हा खेळ बहुतेक जण खेळतात तो उपसागर, खाडी, बंदर किंवा तलाव अशा वेढलेल्या पाण्यात, दिवसाच्या उजेडात. प्रस्तुत नोंदीत उपसागरातील शर्यत आणि पुण्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या शहरातून होणारी तिची तयारी यांचा विचार केला आहे.

शर्यतीच्या नौका दोन तऱ्हेच्या असतात. पहिली एकट्यासाठीच घडवलेली डिंगी, म्हणजे लहान, हलकी होडी. तिच्या बुडाशी वजनदार किल, म्हणजे नौकेला उलटू न देणारा पाण्याखालचा कणा, नसते; तोल नाविकाने आपले शरीर बाहेर झोकून सांभाळायचा. मुलांची ऑप्टिमिस्ट ही २.३ मीटर लांबीची होडी क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये फ्लॉरिडात आखली. मोठ्यांमध्ये सर्वांत पसरलेली आयएलसीए, म्हणजे पूर्वीची लेझर. तिचा आराखडा ब्रूस कर्बी यांचा. सांगाडा एकच, सुमारे सव्वाचार मीटरचा. शीड मात्र ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर अशा तीन मापांत मिळते. त्यामुळे हलक्या मुलीपासून धिप्पाड पुरुषापर्यंत प्रत्येकाला आपल्या वजनाला झेपेल अशी जोडणी करता येते. १९९६ पासून ही होडी ऑलिंपिकमध्ये आहे. दुसरी तऱ्हा किलच्या मोठ्या नौकांची. त्या मुळात चार-पाच माणसांसाठी बांधलेल्या असतात. एकट्याने चालवायच्या तर सगळ्या दोऱ्या सुकाणूपाशी आणून घ्याव्या लागतात आणि हात मोकळे करण्यासाठी स्वयंचलित सुकाणू बसवावे लागते.

उपसागराचे पाणी

उपसागर दिसायला खुल्या समुद्रापेक्षा सौम्य असतो, पण एकट्या नाविकाला तो जास्त कामाला लावतो. खोल समुद्रात शिडे एकदा बसली की तासन्‌तास दोरीला हात लावावा लागत नाही. उपसागरात दर काही मिनिटांनी समोर किनारा येतो, उथळ पाणी येते-जाते, एखादे जहाज आडवे निघते किंवा वळसा घालायचा बोया (मार्गाची तरती खूण) जवळ येतो. प्रत्येक वेळी निर्णय घ्यायचा आणि तो अमलातही स्वतःच आणायचा. हा ताण शरीराच्या कष्टाहून मोठा आहे.

पहिला प्रश्न भरती-ओहोटीचा. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे पाऊण तासाला थोडी जास्त. हिशेब जुळतो तो त्यामुळेच. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याला तो चांगला लागू पडतो. शर्यतीसाठी अर्थातच छापील भरती-कोष्टक हाताशी हवे, पण तिथी माहीत असलेल्या नाविकाला दिवसाचा आराखडा कोष्टक उघडण्याआधीच दिसतो. दशमीची शर्यत म्हटली की साडेसातला भरती, पावणेदोनला ओहोटी, म्हणजे सकाळभर पाणी बाहेर धावणार, हे पंचांगावरून कळते.

वेळेइतकाच महत्त्वाचा जोर. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, मुंबई बंदरात भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांतला फरक चार मीटरच्या वर जातो; भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तो बराच कमी असतो. शिवाय सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत किंवा उतरत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक असा ढोबळ नियम आहे. मधल्या दोन तासांत प्रवाह सर्वांत जोरकस असतो. पाच नॉट (तासाला पाच सागरी मैल) वेगाच्या नौकेला तीन सागरी मैलांचा पट्टा ओलांडायला ३६ मिनिटे लागतात. तेवढ्यात दोन नॉटचा आडवा प्रवाह तिला १.२ सागरी मैल, म्हणजे सव्वादोन किलोमीटर बाजूला नेतो. बोयाकडे नाळ (नौकेचे पुढचे टोक) रोखून सरळ निघालेला नाविक त्यामुळे प्रवाहाच्या दिशेने बोयाच्या खूप खाली पोहोचतो आणि उरलेले अंतर प्रवाहाविरुद्ध कापत बसतो. यावर उपाय म्हणजे सुरुवातीपासूनच प्रवाहाच्या वरच्या अंगाला कोन धरणे, आणि शक्य तिथे किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातून जाणे, कारण तिथे प्रवाह मंद असतो. वाऱ्याची आणि प्रवाहाची दिशा समोरासमोर आली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. हलकी डिंगी त्यांत अडखळते.

वाऱ्यालाही दिवसाचे वेळापत्रक आहे. पावसाळा सरल्यानंतर कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, उन्हे चढताना तो पडतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा उभा राहतो. मधली निवांत वेळ शर्यतीत सर्वांत जीवघेणी. वारा नाही, प्रवाह मात्र आहे, अशा वेळी नौका मागे वाहत जाते. नियमांनुसार नांगर टाकायला मुभा आहे, आणि शांतपणे नांगर टाकून उभा राहिलेला माणूस वाहत गेलेल्या दहा जणांना मागे टाकतो. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईच्या क्रीडानौका पाण्याबाहेर काढून ठेवतात.

मुंबई बंदरात घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँच, मासेमारीच्या होड्या, जाळी, नांगरलेली जहाजे आणि मोठ्या जहाजांचा खोल मार्ग यांतून वाट काढावी लागते. शिडाच्या नौकेला यांत्रिक नौकेपुढे अग्रक्रम असतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. अरुंद मार्गातच चालू शकणाऱ्या जहाजाला शिडाच्या नौकेने अडथळा करू नये, असे आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट सांगतो. सतत टेहळणी ठेवण्याचे बंधनही एकट्याला तितकेच लागू आहे. शिडाआडचा आंधळा कोपरा दर थोड्या वेळाने वाकून पाहणे ही त्यामुळे एकट्या नाविकाची पहिली सवय असावी लागते.

दोन हातांचे गणित

डिंगीत एक हात सुकाणूच्या लांब दांड्यावर, दुसरा शिडाच्या दोरीवर, पाय तळाच्या पट्ट्याखाली अडकवलेले. तिसरे कोणतेही काम निघाले की यातले एक सोडावे लागते. शिडाचा पोट-फुगवटा कमी-जास्त करणाऱ्या दोऱ्या, पाण्यात उतरणारी मधली फळी वर-खाली करणे, घड्याळ पाहणे ही सगळी तिसरी कामे. ती बोयाला वळसा घालताना करायची नसतात, त्याच्या आधी करून ठेवायची असतात. एकहाती शर्यतीतले जवळजवळ सर्व कौशल्य या एका गोष्टीत आहे : काम वेळेच्या आधी उरकणे.

टॅक मारणे, म्हणजे नाळ वाऱ्यातून पलीकडे फिरवणे, ही साधी हालचाल घेऊ. माणसे असलेल्या नौकेत एक जण सुकाणू फिरवतो, दुसरा जुनी दोरी सोडतो, तिसरा नवी ओढतो. एकटा माणूस आधी नव्या बाजूच्या दोरीचा सैलपणा काढून ती चरखीवर गुंडाळतो, मागे-पुढे पाहतो, सुकाणू गुडघ्याने किंवा यंत्राने सावकाश फिरवतो, पुढच्या शिडात उलट्या बाजूने वारा भरू लागला की जुनी दोरी सोडतो आणि शीड पलीकडे जाताच, त्यावर जोर येण्यापूर्वी, नवी दोरी हाताने खेचून घेतो. दोन सेकंद उशीर झाला तर तीच दोरी चरखीच्या दांड्याने, घाम गाळत, इंच-इंच ओढावी लागते आणि तेवढा वेळ समोर कोण येते आहे ते दिसत नाही. म्हणून अनुभवी नाविक टॅक कमी मारतात. वाऱ्याच्या प्रत्येक लहान बदलाचा फायदा घेणे चार जणांच्या नौकेला परवडते. एकट्याला दोन लांब टप्प्यांचा सरळ मार्ग बऱ्याचदा अधिक वेगाने नेतो.

शीड आखडते घेण्याचेही तसेच. वारा वाढल्यावर आखडू, असे म्हणणाऱ्याला ते काम सर्वांत वाईट क्षणी करावे लागते. पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले की आखडावे. वारा वाढला नाही तर शीड पुन्हा उघडायला वेळ लागत नाही.

पुणे आणि खडकवासला

पुण्याची नदीवरची परंपरा वल्ह्यांची आहे. रॉयल कॅनॉट बोट क्लब एकोणिसाव्या शतकातला, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबचा वार्षिक रेगाटा (नौकांचा उत्सव) तर साऱ्या शहराला ठाऊक आहे. शिडाला लागते ते रुंद पाणी मात्र खडकवासल्याला आहे. मुठा नदीवरचे हे धरण १८७९ मध्ये पुरे झाले. १२ जुलै १९६१ च्या पानशेत दुर्घटनेत ते फुटले आणि नंतर पुन्हा उभारले गेले. दुसऱ्या महायुद्धात या जलाशयाकाठी सैनिकांना पाण्यातून किनाऱ्यावर उतरण्याचे शिक्षण दिले जाई. त्याच परिसरात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी राहिली. तिचे उद्घाटन १६ जानेवारी १९५५ रोजी झाले. जलाशयाचा पीकॉक बे हा भाग प्रबोधिनीचे जलक्रीडा आणि नौकानयन केंद्र आहे. पर्वतप्रदेशातून आलेली, समुद्र कधी न पाहिलेली मुले इथे पहिल्यांदा शिडाची दोरी हातात धरतात. हा भाग लष्करी हद्दीत असल्यामुळे सामान्य पुणेकराला तिथे होडी घालता येत नाही.

अशा तलावावर नाविक घडतो तो वाऱ्यावर. दक्षिणेला सिंहगडाची रांग, सभोवार टेकड्या. डोंगरावरून उतरणारा वारा एकसंध येत नाही, झोतांनी येतो आणि दिशा बदलत राहतो. पाण्यावर काळसर पट्टा सरकताना दिसला की झोत येतो आहे हे ओळखून, तो पोहोचण्याआधी दोरी किंचित सैल करायची आणि अंग बाहेर टाकायचे, ही नजर खुल्या किनाऱ्यावर इतक्या लवकर तयार होत नाही. पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी या सह्याद्रीच्या कुशीतल्या सगळ्याच जलाशयांवर वारा असाच खट्याळ असतो. तलावावर मिळत नाही ते प्रवाहाचे ज्ञान. स्थिर पाण्यात तयार झालेल्या माणसाला बोयाच्या दिशेने नाळ धरली की बोया येतो असे वाटत राहते. दीडशे किलोमीटरवरच्या मुंबई बंदरात उतरल्यावर ही सवय मोडायला वेळ लागतो, आणि एकट्याच्या नौकेत ती दुसरा कोणी मोडून देत नाही.

समुद्र नसलेल्या या शहरात समुद्राचा अभ्यास मात्र मोठा आहे. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले होते आणि आजही खात्याचे महत्त्वाचे कार्यालय शिवाजीनगरला आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून भरती-ओहोटीचे प्रवाह तपासले जातात. पुण्यातल्या होतकरू नाविकाने या संस्थांचे लोकांसाठी खुले असलेले साहित्य नकाशाशेजारी ठेवून वाचावे.

आरंभ, नियम, गुण

डिंगींच्या शर्यतीत आरंभाच्या पाच मिनिटे आधी पहिला झेंडा चढतो, चार मिनिटे उरल्यावर दुसरा. एक मिनिट उरले की दुसरा उतरतो आणि शून्याला पहिला. रेषा आधी ओलांडली तर परत यावे लागते. डावीकडून वारा घेणाऱ्या नौकेने उजवीकडून वारा घेणाऱ्या नौकेला वाट द्यायची. नियम मोडला तर दोन पूर्ण गिरक्या घेऊन स्वतःच भरपाई करायची. पंच जवळ नसतानाही ती घेतली जाते, या खेळाची प्रतिष्ठा त्यावरच उभी आहे. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असे करत सर्वांत कमी गुणांचा विजयी.

वेगवेगळ्या मोठ्या नौकांसाठी उलटी पद्धतही वापरतात : हिशेबाने मंद ठरलेली नौका आधी सुटते, वेगवान शेवटी, आणि प्रथम पोहोचणारा जिंकतो. सान फ्रान्सिस्को उपसागरातली ‘थ्री ब्रिज फियास्को’ ही जानेवारी अखेरची शर्यत अशीच असते. ती एकहाती आणि दोन जणांच्या नौकांसाठी आहे. तीन पुलांजवळच्या तीन खुणांना कोणत्याही क्रमाने, कोणत्याही बाजूने वळसा घालायची मोकळीक असल्याने आरंभरेषेवर नौका दोन्ही दिशांनी धावतात. एकट्याच्या विचारशक्तीची इतकी उघड परीक्षा घेणारी दुसरी रचना क्वचितच सापडेल.

आधुनिक एकहाती शर्यतींना चालना मिळाली ती १९६० च्या अटलांटिक शर्यतीने. फ्रान्सिस चिचेस्टर यांनी ती चाळीस दिवसांत जिंकली. १९६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली होती. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली, अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ती न थांबता केली. टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या एकहाती पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत दुसरे आले. डिंगीत विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन हे टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये उतरले. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूर हिला रौप्य आणि सरवणन यांना कांस्यपदक मिळाले.

सुरक्षितता

डिंगी उलटणे हा सरावाचा भाग आहे. होडीला धरून राहावे, मधल्या फळीवर उभे राहून ती सरळ करावी. पोहत किनारा गाठण्याचा प्रयत्न कधीही करू नये. मोठ्या नौकेत धोका वेगळा : माणूस पाण्यात पडला तरी स्वयंचलित सुकाणूवरची नौका त्याच्याशिवाय पुढे जात राहते. म्हणून कमरपट्ट्याची दोरी डेकवरच्या आडव्या पट्टीला सतत अडकवलेली हवी, शांत पाण्यातही. जीवरक्षक जाकीट, शिट्टी, अंगावरच बांधलेला पाणबंद व्हीएचएफ बिनतारी संच आणि पिण्याचे पाणी आवश्यक. शर्यत अर्धवट सोडणाऱ्याने ते आयोजकांना तत्काळ कळवावे, नाहीतर अंधार पडल्यावर शोधनौका अशा माणसासाठी बंदर धुंडाळत राहतात जो केव्हाच घराच्या वाटेला लागलेला असतो.