रुळातली भेग किती धोक्याची?

60 किलोचा रूळ (म्हणजे मीटरला साधारण 60 किलो वजनाचा) 172 मिलिमीटर उंच असतो. त्याच्या माथ्यात आतल्या आत वाढणारी भेग वरून दिसत नाही. भारतीय रेल्वेत ती कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी शोधतात, रेल्वेवाल्यांच्या बोलीत ‘यूएसएफडी’ (अल्ट्रासॉनिक फ्लॉ डिटेक्शन). रुळावरून ढकलत नेलेल्या ट्रॉलीला खाली प्रोब, म्हणजे लहर सोडणारे आणि तिचा प्रतिध्वनी टिपणारे भाग, असतात आणि त्यांच्यापुढे टाकीतून पाणी सोडलेलं असतं. पाणी आटलं तर प्रोब आणि पोलाद यांच्यामधल्या हवेच्या पातळ थरावरूनच लहर परत फिरते. तेवढा पट्टा तपासलाच जात नाही.

सरळ खाली सोडलेली लहर सेकंदाला सुमारे 5,900 मीटर वेगाने तळाला जाऊन 58 मायक्रोसेकंदांत परतते. वाटेत बोल्टच्या छिद्राला तडा असेल तर प्रतिध्वनी लवकर येतो किंवा तळाचा प्रतिध्वनी क्षीण होतो. पण रुळाला आरपार कापत जाणारी उभी भेग या लहरीला फक्त आपली धार दाखवते, म्हणून निसटते. रूळ तुटायला तर बहुधा तीच कारण असते. तिच्यासाठी 70 अंशांत तिरपे बसवलेले प्रोब लागतात, एक पुढे पाहणारा आणि एक मागे.

भेग सापडली की तिचा वर्ग ठरतो. ‘आयएमआर’ म्हणजे ताबडतोब काढायचा रूळ. त्याच्या बाजूवर लाल रंगाच्या तीन फुल्या मारतात, वेग लगेच ताशी 30 किलोमीटरवर आणतात आणि जॉगल्ड फिशप्लेट (रुळाला बाजूने आधार देणारी, मध्ये फुगीर पोलादी पट्टी) क्लॅम्पने आवळेपर्यंत तिथे माणूस उभा करतात. तीन दिवसांच्या आत तो तुकडा बदलायचा. वेल्ड केलेल्या मार्गात नवा, तपासलेला तुकडा किमान 4 मीटरचा हवा. त्याहून आखूड घातला तर दोन वेल्ड फार जवळ येतात, आणि वेल्ड ही तर आधीच दुबळी जागा. ‘ओबीएस’ म्हणजे नजरेखाली ठेवायच्या दोषाला एकच फुली. त्याला तीन दिवसांत फिशप्लेट बसते, पुढे कीमन, म्हणजे मार्ग रोज पायी तपासणारा कर्मचारी, त्यावर नजर ठेवतो.

इथे एक नियम आहे, आणि आमच्या मते सगळ्या वर्गवारीचा जीव त्यात आहे. मोकळ्या मार्गावर ओबीएस ठरलेला दोष मोठ्या पुलावर, बोगद्यात किंवा त्यांच्या अलीकडच्या-पलीकडच्या 100 मीटरांत सापडला, तर तो आयएमआर धरतात. भेग तीच, रूळ तुटण्याची शक्यताही तीच. पण मोकळ्या मार्गावर घसरलेला डबा खडीत रुतून थांबू शकतो, पुलावरून तो खाली जातो. बोगद्यात मदतही दोनच तोंडांनी पोहोचते. धोका मोजायचा तर शक्यतेला परिणामाने गुणावंच लागतं.

दुसरा हिशेब तापमानाचा. लांब वेल्ड केलेला रूळ थंडीत आकसू पाहतो, पण स्लीपर आणि खडी त्याला धरून ठेवतात. 60 किलोच्या रुळात दर अंशाला सुमारे 1.9 टन ताण वाढतो. ज्या तापमानाला रूळ ताणमुक्त करून बसवला त्यापेक्षा पारा 20 अंशांनी उतरला, तर सुमारे 38 टनांची ओढ भेग उघडायला बघते. म्हणून थंडीत रात्री आणि पहाटे मार्गावर खास गस्त असते.

आणि प्रोबलाही एक आंधळी बाजू आहे. वरून सोडलेली लहर रुळाच्या मधल्या उभ्या भागातून तळाला पोहोचते, पण तळाचे दोन्ही पसरट काठ तिच्या टप्प्याबाहेर राहतात. नेमका तिथेच, लायनरखाली (रुळाचा तळ आणि त्याला धरणारी क्लिप यांच्यामधल्या तुकड्याखाली), गंज धरतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत तर फारच. गंजाच्या खड्ड्यातून अर्धचंद्राकृती भेग सुरू होते आणि थोडी वाढली की रूळ एका झटक्यात जातो. यंत्राचा कागद कोरा आला तरी अशा भागात लायनर काढून, तारेच्या ब्रशने तळ घासून डोळ्यांनी बघावंच लागतं. मग गंजरोधक रंग, ग्रीस, आणि खड्डा खोल गेला असेल तर लायनरची जागा बदलायची किंवा रूळच.