मोहोळ न बांधणारी माशी

सोलापुरात एप्रिलच्या दुपारी घामेजलेल्या मनगटावर एखादी बारीक, कधी हिरवट चमकणारी माशी येऊन बसते. आपण चिलट समजून फटकन मारतो. चिलटाला पंख दोन, हिला चार. ही मधमाशीच्या भाऊबंदांतली. इंग्रजीत 'स्वेट बी', आपण घाममाशी म्हणू. तिला घामातलं मीठ हवं असतं. डंख फक्त मादीला, तोही किरकोळ. स्वतः डंख खाऊन वेदनेची मोजपट्टी बनवणाऱ्या जस्टिन श्मिट यांनी मधमाशीला 2 दिले, हिला 1.

मधमाश्या आणि त्यांचे भाऊबंद मिळून जगात 20,000 हून जास्त जाती, कुळं सात. सर्वांत मोठं एपिडी. सातेरी, आग्या, फुलोरी त्यातल्याच. त्याखालोखाल घाममाश्यांचं हॅलिक्टिडी, सुमारे 4,500 जाती. जिल्ह्यात मोहोळ नावाचा अख्खा तालुका आहे, पण ही मोहोळ बांधत नाही, मध साठवत नाही. बहुतेक जाती जमिनीत बीळ खणून परागाच्या गोळीवर अंडं घालतात.

आता वांग्याच्या फुलाकडे या. त्यात मधुरस नाही. परागकोश उकलतही नाहीत; टोकाला फक्त बारीक भोकं, मीठदाणीसारखी. वाऱ्याने हलून थोडे पराग पडतात, पण मीठदाणी हलवायला खरा हात लागतो. मधमाशीला ती युक्ती येत नाही. अनेक घाममाश्यांना येते. त्या परागकोशाला जबड्याने धरतात, पंख मिटतात आणि उडण्याचे स्नायू नुसतेच चालवतात. हे स्नायू मज्जातंतूच्या प्रत्येक इशाऱ्याची वाट पाहत नाहीत. स्नायूंच्या दोन जोड्या. एक आकसली की दुसरी ताणली जाते, आणि ताण बसला की ती आपोआप आकसते. म्हणजे एका इशाऱ्यात अनेक आवर्तनं, सेकंदाला शेकडो. पंखांचं ओझं नसल्याने वेग उडतानाच्याही वर जातो, म्हणून 'झूंऽऽ' हा आवाज चढ्या पट्टीत येतो. आतले कण भिंतींवर आपटत भोकातून उडतात आणि माशीच्या पोटावरच्या केसांत अडकतात.

'मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल' हे आइनस्टाइनच्या नावाने फिरणारं वाक्य त्यांनी कधी म्हटल्याचा पुरावा नाही. पण ते वाक्य फॉरवर्ड करणाऱ्यांच्या डोक्यात घाममाशी नसतेच.

वांग्याच्या प्लॉटशेजारी बांधाच्या कडक मातीत काडीएवढं भोक दिसलं तर जरा थांबून बघा. काही जातींत तिथे राखणदार मादी असते. भोक आतून तिच्या डोक्यानेच बुजलेलं दिसतं.