प्लगइन म्हणजे एक्स्टेन्शन नव्हे

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतलं टॉवेल कारखान्याचं ऑफिस असो की एखाद्या सीएंचं, जुनं सॉफ्टवेअर उघडेनासं झालं की एकच सल्ला मिळतो: "क्रोमला जावाचं एक्स्टेन्शन टाका, होईल." नाही होणार. या सल्ल्यापायी लोकांचे अख्खे दिवस वाया जातात.

एक्स्टेन्शन तुम्हाला माहीत आहे. जाहिराती अडवणारं, पासवर्ड लक्षात ठेवणारं. ते ब्राउझरच्या आत राहतं आणि ब्राउझर परवानगी देईल तेवढंच करतं.

प्लगइन हा मुळात विंडोजवर बसवलेला वेगळा प्रोग्राम. ब्राउझर त्याला पानात फक्त जागा देतो, काम तो स्वतः करतो. म्हणून जुन्या सॉफ्टवेअरमधलं अॅक्टिव्हएक्स (इंटरनेट एक्सप्लोररमधला प्लगइन) किंवा डिजिटल सही केलेलं जावा अॅपलेट (पानात चालणारा जावाचा छोटा प्रोग्राम) डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर थेट चलन छापू शकायचं, डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन वाचू शकायचं, सी ड्राइव्हमधली फाइल उचलू शकायचं. एवढी मोकळीक घातक असल्यामुळेच ब्राउझरवाल्यांनी हा रस्ता बंद केला. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ४५व्या आवृत्तीत, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२व्या आवृत्तीत, तेवढा फ्लॅश (पानात अॅनिमेशन आणि व्हिडिओ दाखवणारा प्लगइन) वगळून. फ्लॅशही २०२० अखेर संपला. म्हणजे आजच्या क्रोममध्ये प्लगइन "बंद" नाही, त्याला जोडायची जागाच उरलेली नाही. सेटिंगमध्ये शोधून ती सापडणार नाही.

"पण स्टोअरमध्ये तर आहेत!" आहेत. फ्लॅशसाठी रफल, जावा अॅपलेटसाठी चीअरपीजे. ही चांगली एक्स्टेन्शनं आहेत, पण ती प्लगइनची नक्कल ब्राउझरच्या चौकटीत राहूनच करतात. जुनं फ्लॅशमधलं प्रशिक्षण बघायचंय? रफल जरूर वापरून बघा. टोकनवरून सही करायचीय? तिथे या नकलेवर भिस्त ठेवू नका. त्यामुळे आधी एवढंच विचारा: हे सॉफ्टवेअर फक्त पडद्यावर काही दाखवतं, की प्रिंटर, टोकन, फाइल यांना हात घालतं? हात घालत असेल तर खरा प्लगइनच लागणार.

तो चालवायचा तर माझी पसंती स्पष्ट आहे: मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधला इंटरनेट एक्सप्लोरर मोड. एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, पण हा मोड किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय आणि त्यात अॅक्टिव्हएक्स चालतं. एजच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ब्राउझर'खाली परवानगी द्या, त्या पानाचा पत्ता यादीत घाला. तिथे घातलेला पत्ता ३० दिवसांनी आपोआप निघून जातो. महिन्याभराने "परत बिघडलं" अशी ओरड होते ती यामुळेच. बिघडलेलं काही नसतं. संगणक बरेच असतील तर विंडोजच्या ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या संगणकांना एकदम लागू होणारी सेटिंग) एंटरप्राइझ साइट लिस्ट, म्हणजे अशा पत्त्यांची कायमची यादी, लावा, ती अशी संपत नाही.

जावा लागत असेल तर नवीन बसवू नका. जावा ११ पासून, म्हणजे २०१८ पासून, त्यात प्लगइन येतच नाही. जावा ८ लागेल, तेही बहुधा ३२-बिट, आणि जावा कंट्रोल पॅनेलमधल्या अपवादांच्या यादीत साइटचा पूर्ण पत्ता, सुरुवातीच्या एचटीटीपीसकट. जावास्क्रिप्टचा याच्याशी संबंध नाही, त्या सेटिंगला हात लावू नका.

पेनड्राइव्हवरून जुना फायरफॉक्स आणून त्यातच मेल आणि बँक उघडणाऱ्यांना मात्र मी कळकळीने थांबवतो. जुना ब्राउझर ठेवायचाच असेल तर त्या एका सॉफ्टवेअरपुरता, इंटरनेट तोडलेल्या संगणकावर.

आणि पुरवठादार नवी आवृत्ती देतो म्हणाला, तर "क्रोमवर चालेल का?" एवढ्यावर थांबू नका. सही कशाने होते ते विचारा. जीएसटी पोर्टलवर डीएससीची सही एमसायनर करतो. तो प्लगइनही नाही, एक्स्टेन्शनही नाही. संगणकावर वेगळा चालणारा प्रोग्राम आहे आणि ब्राउझर त्याच्याशी आतल्या आत बोलतो. तशी रचना मागून घ्या.