जोतिबाचा डोंगर आणि खालचं शिवार

जोतिबाच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेनंतर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत एकच फोटो असतो. गुलालात न्हालेली मंदिरं, वर झुलणाऱ्या सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या निशाणाच्या उंच काठ्या, आणि माणसांचा समुद्र. फोटो खराच आहे. पण त्यात डोंगर दिसत नाही, आणि डोंगराखालचं शिवार तर नाहीच नाही. जोतिबा हा शेतकऱ्याचा देव आहे असं आपण सहज म्हणतो. ते का, हे समजायला देवळाइतकंच खालच्या रानाकडे बघावं लागतं.

कोल्हापूरच्या वायव्येला, शहरापासून साधारण अठरा किलोमीटरवर हा डोंगर आहे. सह्याद्रीतून पूर्वेकडे निघालेली पन्हाळ्याची रांग इथे संपत येते आणि संपता संपता एक सुटा, शेंडा कापल्यासारखा सुळका उभा करते. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३,१०० फूट, आणि पायथ्यापासून मोजली तर हजारभर फुटांचा चढ. माथ्यावर वाडी रत्नागिरी हे गाव. कोकणातल्या रत्नागिरीशी त्याचा संबंध नाही. रत्नासुर या दैत्याला देवाने इथे मारलं, म्हणून डोंगर रत्नागिरी, अशी कथा आहे.

दगड सगळा काळा, लाव्हारसाच्या थरांवर थर चढून झालेला. पन्हाळ्याला आणि मसाईच्या पठारावर त्याच्यावर जांभ्याची टोपी आहे. या थरांत टणक पाषाण आणि सच्छिद्र दगड आलटून पालटून येतात. पावसाचं पाणी सच्छिद्र थरातून मुरत खाली जातं आणि टणक थर लागला की आडवं फुटून बाहेर येतं. खेट्यांच्या, म्हणजे माघातल्या रविवारच्या पायी वारीच्या, जुन्या वाटेवरचं गायमुख हे असंच पाण्याचं ठिकाण. आधी झरा, मग त्याला दगडी गायीचं तोंड, मग तीर्थ, या क्रमानेच ते घडलं असणार असं मला वाटतं. पूर्वेच्या अंगाला पोहाळ्याची लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण खोदकाम बौद्ध विहाराचं. म्हणजे देवळांच्या कितीतरी आधी इथे भिक्षू राहत होते, आणि त्यांना खायला घालणारी गावंही जवळपास असणारच.

लेण्यांच्या या गावाचं आजचं पूर्ण नाव पोहाळे तर्फ आळते. याच पन्हाळा तालुक्यात दुसरं पोहाळे तर्फ बोरगाव आहे. पलीकडे कुशिरे तर्फ ठाणे. 'तर्फ' ही महसुलाची जुनी वाटणी कागदावरून कधीच गेली, पण गावांच्या नावांत ती अजून अडकून बसली आहे. सातबारा काढायला गेलेला माणूस रोज तो इतिहास उच्चारतो.

देवळांचा इतिहास त्या मानाने नोंदलेला आहे. किवळच्या नावजी साया नावाच्या भक्ताने मूळचं लहान देऊळ बांधलं असं सांगतात. त्या जागी राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये आजचं मंदिर उभारलं. शेजारचं केदारेश्वराचं देऊळ दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये बांधलं. या दोन तारखांच्या मधे चोपडाईचं देऊळ हिम्मतबहाद्दर चव्हाणांचं, १७५० चं, आणि रामलिंगाचं मालजी निलम पन्हाळकरांचं, १७८० चं. शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे, आणि जोतिबा त्यांचं कुलदैवत. माळव्यात आणि पुढे ग्वाल्हेरला त्यांचं राज्य झालं तरी पैसा इकडे, या डोंगरावर आला. जोतीराव फुल्यांचं नावही याच देवावरून ठेवलेलं. शेतकऱ्याची दैना ज्याने सगळ्यात कळवळून मांडली, त्या माणसाच्या नावात हा डोंगर आहे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण शिंदे-चव्हाणांनी दगड रचले म्हणून यात्रा भरत नाही. ती भरते शेतीच्या वेळापत्रकावर.

चैत्र पौर्णिमा कधी येते बघा. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढून, मळून घरात आलेला असतो. ऊस तुटून गेलेला, गाळप आटोपत आलेलं. पुढची घाई रोहिणी नक्षत्राची, मेच्या अखेरची. पन्हाळा-शाहूवाडीच्या पट्ट्यात भाताची धूळवाफ, म्हणजे कोरड्या मातीतली, पेरणी त्याच सुमाराला करतात, वळवाचे दोन पाऊस झाले की. या दोन घाईंच्या मधे जी उसंत मिळते ती चैत्रातली, आणि यात्रा नेमकी तिथे बसली आहे. बैल मोकळे, माणूस मोकळा, हातात चार पैसे. सातारा-सांगलीकडच्या गावांतून सासनकाठ्या खांद्यावर घेऊन दिवसच्या दिवस चालत यायचं ते याच उसंतीत शक्य होतं. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा. मागून विहे, कसबा डिग्रज, किवळ अशा मानाच्या शंभरेक काठ्या. देवाला वाहायचा तो सुवासिक दवणाही शेतातलाच, वाफ्यात पिकणारा.

माघातल्या रविवारच्या खेट्यांचं तसं नाही. तेव्हा रानात काम भरपूर असतं. म्हणून खेटे पहाटे निघतात आणि जेवणाच्या वेळेला माणूस घरी परतलेला असतो. कोल्हापूरकर वडणगे, निगवे, कुशिरे या वाटेने चालत जातात, पाणंदीतून, उसाच्या भिंतींमधून. जोतिबा कामगिरी संपवून हिमालयाकडे परत निघाला तेव्हा अंबाबाई कोल्हापुराहून अनवाणी चालत त्याला थांबवायला आली, अशी यामागची कथा. म्हणून आजही पुष्कळ जण पायात काही घालत नाहीत. श्रावण षष्ठीला चोपडाईची यात्रा असते. तेव्हा डोंगर धुक्यात असतो आणि खाली भात गुडघ्याला लागलेलं.

आता त्या शिवाराकडे येऊ. डोंगराच्या दक्षिणेला कासारी वाहत येते आणि प्रयाग चिखलीला पंचगंगेच्या संगमात मिळते. उत्तरेला वारणेचं खोरं. नदीकाठची मळी काळी, खोल, कसदार. तिथून डोंगराकडे चढत जाल तशी जमीन तांबूस आणि पातळ होत जाते, मग माळ, मग गवताची पडं. जुना हिशेब सरळ होता. मळीत ऊस आणि शाळू, मधल्या पट्टीत भात आणि भुईमूग, उतारावर नाचणा, त्याच्या वर जनावरांचं राखणं. डोंगर हा या हिशेबातला शेवटचा आणि गरिबाच्या कामी येणारा आकडा. ज्याला मळी नाही त्याच्या म्हशीला तरी गवत होतं.

हा हिशेब पाण्याने मोडला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवून गुळाला बाजार दिला आणि पुढे भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचं दशक उजाडलं. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पूर यायच्या आत काढायचे. अडलेलं पाणी आधी इंजिनाने, मग विजेच्या मोटारीने वर चढू लागलं. गावोगाव सहकारी पाणीपुरवठा संस्था झाल्या आणि मोटेच्या पाण्याने जो माळ कधीच भिजला नसता तो पाइपलाइनने भिजला. दरम्यान कुळकायद्याने कसणाऱ्याच्या नावावर जमीन आली. वारणेच्या बाजूला तात्यासाहेब कोऱ्यांनी साखर कारखाना उभा केला, कासारीच्या बाजूला कुंभी-कासारी झाला.

याने घरं वर आली, पोरं शिकली. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्याने एकदा तरी जिराईत नाचण्यावर वर्ष काढून बघावं. पण याची किंमतही डोंगरानेच भरली. गुऱ्हाळं कमी होत गेली. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी बसणारे आणि रस आटवायच्या काहिलीचा अंदाज नजरेने घेणारे जाणते गुळवे शोधावे लागत होते. नाचणा उतारावरून जवळपास गेला. ऊस वर सरकला तशी पडं आक्रसली. उन्हाळ्यात गवताला वणवे लागतात, आणि उघड्या झालेल्या उतारावरची माती पहिल्या वळवातच ओढ्याला लागते.

एका गोष्टीत मात्र डोंगराचा पायथा अजून जुनंच काम करतो. १९८९ च्या महापुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीच्या माळावर जागा दिल्या गेल्या. हा माळ नदी आणि डोंगर यांच्या मधला, पाणी न पोचणारा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत दोन्ही गावं पाण्याखाली गेली तेव्हा माणसं आणि जनावरं तिकडेच हलली. सोनतळीवर आता पक्की घरं आहेत. शेती खाली मळीतच राहिली. पाणी ओसरलं की माणसं जोतिबाकडे पाठ करून उतरतात, आणि गाळाने भरलेल्या रानात आपापला बांध कुठे होता ते शोधू लागतात.