औद्योगिक मानसिक स्वास्थ्य (नागपूर)

कामाचे तास, पाळी, यंत्राचा वेग, गोंगाट आणि नोकरीची शाश्वती यांचा कामगाराच्या मनावर होणारा परिणाम. नागपुरात या विषयाची सुरुवात कापडगिरणीपासून करावी लागते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिथला पेन्शन फंड (बहुधा १८८६) आणि अपघातभरपाई (१८९५) यांच्यामागे चरित्रकारांना मालकाचे औदार्य दिसते. श्रमेतिहासाचे अभ्यासक मजूर टिकवण्याच्या गरजेवर बोट ठेवतात. आरंभीच्या काळात गैरहजेरीने व्यवस्थापन हैराण होते, हे पाहता दुसरे मत अधिक पटते. दोन्ही कारणे एकत्र असण्यासही हरकत नाही. ज्याला आज मानसिक थकवा म्हटले जाईल, त्याची नोंद हजेरीपटावर ‘खाडा’ एवढीच होई.

साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, धोट्याच्या खडखडाटात शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नसे. ओठ वाचून, खाणाखुणांनी काम चाले. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवावी लागे, आणि बाहेर मे महिन्यात पारा ४५ अंशांवर. बदली कामगाराचा ताण निराळा. भोंगा झाला की फाटकाशी उभे राहायचे. कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर भरलेला डबा घेऊन माघारी.

ताणाच्या मीमांसेत रॉबर्ट कॅरासेक (१९७९) कामाचा भार जास्त आणि त्यावरचा ताबा कमी या जोडीला महत्त्व देतात. योहानेस सीग्रिस्ट (१९९६) श्रम आणि मोबदला यांतील तफावतीला. साचेवाल्याला पहिले सूत्र लागू पडते. बदलीवाल्याला दुसरे अधिक जवळचे, कारण सीग्रिस्ट मोबदल्यात नोकरीची शाश्वतीही धरतात. ‘बर्नआउट’ला (कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या थकलेपणाला) जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात स्थान आहे, पण आजार म्हणून नव्हे, व्यवसायजन्य घटना म्हणून. हा भेद बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रौढांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. त्याच्या आरोग्यविषयक प्रकरणात धूळ, वायुवीजन, दमटपणा, उजेड, अगदी थुंकदाण्याही होत्या. मनाचा उल्लेख नव्हता. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मध्ये आला.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ च्या सुमारास कायमची बंद झाली. हिंगणा व बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींत ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगाराची स्थिती जुन्या बदलीवाल्याशी ताडून पाहण्याजोगी आहे. फाटकावरच्या भोंग्याची जागा आता मोबाइलवरच्या फोनने घेतली आहे.