सात ग्रॅम साखर

गेल्या एप्रिलमध्ये कोथरूडच्या आमच्या स्वयंपाकघरात भर दुपारी एक बाटली फुटली. आल्याचा रस, लिंबू, साखर आणि पावाचं चिमूटभर यीस्ट घालून मी फसफसतं सरबत करायला ठेवलं होतं. फ्रीजखाली काचा सापडायच्या थांबल्या तेव्हा आठवडा उलटून गेला होता.

मँचेस्टरच्या भाच्याला फोनवर सांगितलं, तर त्याचा पहिला प्रश्न, "मामा, लिटरला साखर किती घातलीस?" तो घरी बियर करतो. ब्रिटनमध्ये 1963 पासून स्वतःपुरती बियर करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे, म्हणून मी आल्यावर समाधान मानतो.

माझी साखर लिटरला 80 ग्रॅम होती. त्याची 7.

बियर पुरती आंबली की यीस्टने खाण्याजोगी साखर संपवलेली असते आणि बराचसा वायू उडून गेलेला असतो. तेव्हा बाटल्या भरताना पुन्हा थोडी साखर द्यायची, झाकण लावायचं आणि नवा वायू आतच कोंडायचा. याला प्रायमिंग म्हणतात. एक ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो आणि शून्य अंशाला या वायूच्या एका लिटरचं वजन भरतं जेमतेम 2 ग्रॅम. म्हणजे 4 ग्रॅम साखरेमागे लिटरभर वायू. बियरला लिटरमागे अडीच लिटर वायू लागतो. 20 अंशांना आंबलेल्या बियरमध्ये पाऊण-एक लिटर आधीच विरघळलेला असतो. उरलेल्यासाठी 7 ग्रॅम पुरे. आपल्याकडच्या 650 मिलिलिटरच्या बाटलीला साडेचार ग्रॅम, चहाचा एक सपाट चमचा! माझ्या सरबतात वीस लिटर वायूची सोय होती. साधंसुधं सरबत बियरहून धोकादायक निघालं ते असं.

भाच्याकडे सामान बेताचंच: दोन बादल्या, एक नळी, एक पातेलं. साखर थोड्या पाण्यात उकळून, निववून रिकाम्या बादलीत ओतायची आणि नळीने बियर त्यावर हळूच सोडायची. ती फिरत फिरत आपोआप मिसळते. शिंतोडे उडू द्यायचे नाहीत, हवेतल्या ऑक्सिजनने चव शिळी होते. बाटलीबाटलीत कोरडी साखर टाकली तर फेस उसळतो आणि मापही चुकतं. काटकसर कुठे करू नये, तर हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवाच्या घनतेवरून साखर किती उरली ते दाखवणाऱ्या मापकावर. दूध तपासायच्या लॅक्टोमीटरचाच तो भाऊ. सलग तीन दिवस आकडा हलला नाही तरच बाटल्या भरायच्या, नाहीतर उरलेली साखर आणि नवी साखर मिळून माझ्यासारखा प्रकार होतो.

बाकी काम तापमान करतं. गरम द्रवात वायू कमी विरघळतो. तीच बियर 20 अंशांना असेल तर बाटलीतला दाब मोटारीच्या टायरपेक्षा थोडा कमी असतो. पुण्याच्या मे महिन्यातल्या 40 अंशांना तो टायरच्या दीडपटीच्याही वर जातो. काच आधी वाकत नाही, ताणत नाही. एकदम फुटते.

म्हणून भाचा प्रत्येक खेपेला एक बाटली प्लास्टिकची भरतो. ती बोटांनी दाबून दगडासारखी घट्ट लागली की बाकीच्यांतही वायू भरल्याचं कळतं. माझ्या तर आता सगळ्याच सोड्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या असतात. उन्हाळ्यात सकाळी भरलेली बाटली रात्री झोपण्यापूर्वी दाबून बघतो, घट्ट लागली की थेट फ्रीजमध्ये. थंडीत यीस्ट मरत नाही, फक्त सुस्तावतं, त्यामुळे दोन-चार दिवसांत ती संपवावीच लागते. बायको अजूनही ती बाटली माझ्याकडूनच उघडून घेते, तीही गच्चीत.