बंदर आणि स्थानिक समाज : न्हावा-शेव्यापासून पुण्यापर्यंत

बंदर म्हणजे जहाजे लागण्याची, माल आणि माणसे चढण्या-उतरण्याची जागा. पण धक्का, क्रेन आणि गोदामे एवढ्यानेच बंदर होत नाही. माल चढवणारे-उतरवणारे हात, ट्रेलरचे चालक, मासळी निवडणाऱ्या बायका, धक्क्यासाठी ज्यांची खाजणे (भरतीचे पाणी शिरणारी किनाऱ्यालगतची सखल, चिखलाची जमीन) गेली ती गावे आणि माल जिथून येतो व जिथे जातो तो आतला मुलूख, हे सगळे मिळून बंदराचा समाज होतो. भूगोलात या आतल्या मुलखाला पृष्ठप्रदेश म्हणतात. पुणे आणि समुद्र यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे, तरी मुंबई आणि न्हावा-शेवा या बंदरांच्या पृष्ठप्रदेशात पुण्याचे स्थान फार वरचे आहे. बंदराचा लाभ घाट चढून पुण्यापर्यंत येतो. त्याची किंमत मात्र बहुतांशी घाटाखालीच चुकवली जाते. म्हणून ‘स्थानिक’ म्हणायचे कोणाला, हाच या विषयातला पहिला प्रश्न आहे. प्रस्तुत नोंदीत तो पुण्याच्या बाजूने पाहिला आहे.

घाट आणि बंदर यांचे नाते प्राचीन आहे. जुन्नर तालुक्यातील नाणेघाट सातवाहन काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांना जुन्नरशी व पुढे पैठणशी जोडत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे सांगतात. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांमध्ये यवनांनी (म्हणजे ग्रीकांनी) दिलेल्या दानांचे लेख आढळतात. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट या प्राचीन गावच्या यवनांबरोबर सोपाऱ्याच्या एका दात्याचेही नाव कोरलेले आहे. बंदराच्या व्यापाराशी जोडलेल्या लोकांचा पैसा घाटावरच्या विहारांपर्यंत पोचत होता, हे या लेखांतून दिसते. बंदराने आजूबाजूच्या समाजाला परत काय द्यावे, हा प्रश्न आजचा वाटतो. पण आपण काय दिले ते दगडात कोरून ठेवणारे लोक इथे दोन हजार वर्षांपूर्वी होते.

इंग्रजी अमलात १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये रेल्वे घाट चढून गेली. त्यानंतर मुंबई बंदराचा पैसा पुण्यात किती सहज येऊ लागला, हे ससून घराण्याकडे पाहिले की कळते. बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांचे १८६४ मध्ये पुण्यात निधन झाले. कॅम्पातल्या ‘लाल देवळा’च्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात त्यांची समाधी आहे. ससून रुग्णालय त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. मुंबईचा ससून डॉक त्यांचे पुत्र अल्बर्ट यांनी १८७५ मध्ये बांधला आणि आज तो मासळीच्या लिलावासाठी ओळखला जातो. या संपत्तीचा मोठा भाग कापूस आणि चीनकडे जाणाऱ्या अफूच्या व्यापारातून आला होता, हेही नोंदवायला हवे. गेली दीडशे वर्षे पुणे जिल्ह्यातला गरीब रुग्ण ज्या रुग्णालयाच्या आधाराने जगत आला, त्याच्या पायात बंदराचा पैसा आहे.

बंदराने घाटावर दिलेली दुसरी गोष्ट म्हणजे मजुरी. मुंबईत १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा (आजची इंदिरा) गोदी सुरू झाली. या गोद्यांना ओझी वाहणारी माणसे लागत. त्यांतली पुष्कळशी सातारा जिल्ह्यातून, तसेच पुणे जिल्ह्याच्या जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यातून गेली. मुंबईत त्यांना ‘घाटी’ म्हणून हिणवले गेले, पण गोदीच्या पाळ्या त्यांच्याच खांद्यावर चालत. रोज सकाळी काम मिळेल की नाही, या टांगणीतून गोदी कामगारांना सोडवण्यासाठी १९४८ चा कायदा आला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६९ मध्ये माथाडींनाही (डोक्या-पाठीवरून ओझी वाहणाऱ्या कामगारांनाही) कायद्याचे संरक्षण मिळाले. गोदीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर गावाकडे विहिरी खणल्या गेल्या, पोरे शिकली, जत्रेच्या वर्गणीत ‘मुंबईकरां’चा आकडा वर राहिला. हे लोक धक्क्याजवळ जन्मलेले नव्हते, पण बंदराचे स्थानिक म्हणून त्यांना गणावे लागेल. पुढे कंटेनर आला. शंभर माणसांनी दिवसभर उतरवायची पोती एका पेटीत बसली आणि ती पेटी क्रेन काही मिनिटांत उचलू लागली. घाटावरच्या तरुणाला खांद्याच्या बळावर गोदीत शिरण्याची वाट तिथेच अरुंद झाली.

मुंबई बंदरावरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात, न्हावा-शेवा येथे नवे बंदर उभारले गेले. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. जवाहरलाल नेहरूंचे नाव असलेले हे बंदर आज कंटेनर वाहतुकीत देशातील आघाडीच्या बंदरांपैकी एक आहे. बंदर येण्यापूर्वी इथे आगरी, कोळी आणि कराडी समाजांची गावे होती. खारजमिनीत भात, उन्हाळ्यात मिठागरे आणि वर्षभर खाडीची मासळी अशी त्यांची तीन पायांवरची मांडणी होती. उरण-पनवेल भागात नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघर परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून आले आणि पुढे भूसंपादनाच्या चर्चेत राज्यभर त्याचा दाखला दिला जाऊ लागला. खुद्द बंदरासाठी जमीन दिलेल्यांच्या हातात साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे (भूखंड देण्याचे लेखी आश्वासन) मात्र ऑगस्ट २०१४ मध्ये पडली. बंदर सुरू होऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.

शेतकऱ्यांना उशिरा का होईना हिस्सा मिळू शकला, कारण त्यांच्याकडे सातबारा होता. समुद्राला सातबारा नसतो. कोळ्याची डोल (प्रवाहात बांधून ठेवायचे पिशवीसारखे जाळे) कुठे लागते, निवट्या-खेकडे-कालवे कोणत्या खाजणात मिळतात, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते, पण ते तलाठ्याच्या दप्तरात नसते. भराव पडला, खारफुटी गेली की कोळ्याचे शेत बुडते आणि कागदावर कोणाचेच काही गेलेले दिसत नाही. बंदर आणि समाज यांच्यातला सर्वांत खोल अन्याय इथे आहे. जुन्या शेवा गावातील विस्थापित कोळी कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात बसवण्यात आले. तिथली घरे वाळवीने पोखरली. पुन्हा पुनर्वसन व्हावे म्हणून या ग्रामस्थांनी बंदराच्या जलमार्गात होड्या नेऊन आंदोलने केली आहेत.

मासेमारी बुडाल्याच्या गाऱ्हाण्याची दाद लागली ती पुण्यात. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात बसते. पारंपरिक मच्छीमारांनी भराव, खारफुटीची तोड आणि बुजलेले खाडीचे प्रवाह यांविरुद्ध तिथे अर्ज केला. फेब्रुवारी २०१५ मध्ये खंडपीठाने उरण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. रकमेपेक्षाही मोठी गोष्ट ही, की ज्या हक्काला उतारा नाही तोही बुडाला तर मोजून द्यावा लागतो, हे मान्य झाले. पुण्याचा आणि उरणच्या कोळीवाड्यांचा संबंध काय, असे कोणी विचारले तर हे प्रकरण पुढे ठेवावे.

बंदर परिसराला काही देत नाही, असे मुळीच नाही. कंटेनर हाताळणारी गोदामे, ट्रेलर, दुरुस्तीची गॅरेजे, खानावळी, सीमाशुल्काची कागदपत्रे करणारी कार्यालये यांतून उरण, पनवेल भागात हजारो घरे चालतात. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर नोकऱ्याही मिळाल्या. मात्र १९९९ पासून खासगी टर्मिनले येऊ लागली तशी कायम नोकरीच्या जागी कंत्राटी काम वाढत गेले. प्रमुख बंदरांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानुसार बंदराला शिक्षण, आरोग्य, कौशल्यविकास यांसाठी स्वतःचा निधी वापरता येतो. शाळेला संगणक आणि गावाला रुग्णवाहिका मिळते ती अशा निधीतून. पण ही मदत म्हणजे हिस्सा नव्हे. सोयीही उशिराच आल्या. बंदराच्या झगझगाटासमोर पाण्यात उभ्या असलेल्या घारापुरी बेटावर समुद्राखालच्या केबलने कायमची वीज आली ती २०१८ मध्ये. नेरुळहून उरणला थेट लोकल जाऊ लागली ती जानेवारी २०२४ मध्ये. त्याच महिन्यात शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतूही खुला झाला.

घाटावरचे चित्र वेगळे आहे. चिंचवड, दिघी आणि तळेगाव येथे कंटेनर डेपो आहेत; व्यापारी त्यांना ‘ड्राय पोर्ट’ म्हणतात. सीमाशुल्काची तपासणी इथेच उरकते, पेटीला सील लागते आणि ती ट्रेलरने किंवा रेल्वेने न्हावा-शेव्याकडे निघते. (पुण्याचे दिघी आणि रायगडमधील राजपुरी खाडीवरचे दिघी बंदर ही दोन वेगळी ठिकाणे, नावाच्या सारखेपणाने पुष्कळदा घोटाळा होतो.) चाकणच्या मोटारी मुंबई बंदरातून मोटारवाहू जहाजांवर चढतात, तर सुटे भाग आणि यंत्रे कंटेनरमधून जातात. नारायणगाव-जुन्नर भागातली निर्यातीची द्राक्षे पॅकहाऊसमध्ये थंड करून शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या रीफर (शीतकरणाची सोय असलेल्या) कंटेनरमधून युरोपकडे रवाना होतात. जहाज चार दिवस खोळंबले की त्याची झळ द्राक्षाच्या बागेपर्यंत पोचते. जहाजांवर काम करणारी मुलेही पुण्याजवळच तयार होतात : तळेगावजवळच्या इंदुरीला आणि लोणी काळभोरला सागरी शिक्षणाच्या मोठ्या संस्था आहेत.

घाटावरचे आणि खाडीवरचे नशीब एका दोरीला कसे बांधलेले आहे, हे ७ ऑगस्ट २०१० रोजी दिसले. त्या दिवशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजे मुंबईच्या जलमार्गात एकमेकांवर आदळली. चित्रावरचे कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडले आणि मुंबई व न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद पडली. निर्यातदारांचा माल अडकला. तेलाचा थर खारफुटीवर चढला आणि नारळी पौर्णिमेच्या तोंडावर लोकांनी मासळी खाणेच थांबवले. निर्यातदाराचा माल आठवड्याभराने पुढे सरकला. खाजणातल्या चिखलावर बसलेले तेल तिथेच राहिले.

सामान्य पुणेकराला समुद्र भेटतो तो गणेश पेठेतल्या मासळी बाजारात. रविवारच्या बाजारभावात खोल समुद्रातली, खाडीची आणि नदीची मासळी अशी आवक वेगवेगळी दिली जाते; रोहू, कतला, सिलन आंध्र प्रदेशातून येतात. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे पापलेट-सुरमईचे भाव चढतात. गटारीला मागणी वाढते आणि श्रावण लागला की उतरते. खाडीच्या मासळीची टोपली रोडावली, तर त्यामागे कुठल्या तरी भरावाचाही हात असू शकतो, हे गिऱ्हाइकाच्या क्वचितच ध्यानात येते.

भरावाचा हा हात कसा चालतो, याचा अभ्यासही पुण्यातच होतो. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ मध्ये झाली. देशातील बंदरांच्या लहान प्रतिकृती तिथे बांधल्या जातात आणि त्यांत लाटा व भरती-ओहोटी निर्माण करून पाहिल्या जातात. मुंबईच्या खाडीत उधाणाला पाणी सुमारे पाच मीटर चढते-उतरते. भराव घातला की भरतीला आत शिरणारे पाणी कमी होते, ओहोटीचा वेग मंदावतो, गाळ वाहून जाण्याऐवजी बसतो. मोठ्या जहाजाचा मार्ग ड्रेजरने (गाळ उपसणाऱ्या यंत्रनौकेने) पुन्हा खोल करता येतो. कोळीवाड्याच्या तोंडाशी बसलेला गाळ उपसायला मात्र कोणी येत नाही, आणि होड्या ओहोटीला चिखलात रुततात.

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळच्या नियोजित वाढवण बंदराचे अभ्यासही खडकवासल्यात झाले. ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. त्यात ७४ टक्के वाटा न्हावा-शेव्याच्या बंदर प्राधिकरणाचा, तर २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा आहे. बंदर समुद्रात भराव घालून होणार असल्याने गावे फारशी उठणार नाहीत, असे समर्थक सांगतात. मच्छीमारांची हरकत नेमकी त्या भरावालाच आहे. हा किनारा पापलेटसाठी नावाजलेला आहे, मच्छीमारांचे सातपाटी गाव इथून जवळ आहे, आणि २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला. भराव पडण्याआधी मासेमारीच्या जागांची गावागावांतून मोजणी व्हावी आणि ती कागदावर यावी, म्हणजे पुढे भरपाईसाठी पुण्याला खेपा घालाव्या लागणार नाहीत. उरणच्या कोळीवाड्यांच्या बाबतीत ही मोजणी वेळेवर झाली नव्हती.